पहिल्या जोडाची उंची

सिग्नल सुटला तेव्हा भूगोलाच्या बाई रस्त्याच्या बरोबर मध्यावर होत्या, आणि ती त्यांच्या वीस पावलं मागे, फुटपाथवर, हातात दोन पिशव्या घेऊन आणि कानाला फोन लावून उभी होती. फोनवर दवाखान्याचे खरेदीचे साहेब होते. दुपारी चारला कागद घेऊन येतो, सही झाली की पुढच्या महिन्यापासून दुप्पट जोड सुरू, असं ते सांगत होते आणि ती हो हो करत होती. हो हो करता करता तिची नजर सवयीनं खाली गेली. बाकीची माणसं रस्त्यात चेहरे बघतात, कपडे बघतात. ही पाय बघते. लग्नकार्यातसुद्धा पायच बघते आणि घरी येऊन नवऱ्याला सांगते की नवऱ्या मुलाची उजवी टाच बाहेरून झिजणार आहे. तर तिनं खाली बघितलं आणि आधी बूट ओळखले. काळे, बाजूला पट्टा, कडेनं दुहेरी टाका. आपल्याच कारखान्याचे. मग डाव्या बुटाचा तळ दिसला आणि डोळ्यांनी आपणहून आकडा सांगितला, बावीस. किराणावाला मूठभर डाळ हातात घेऊन वजन सांगतो, तसं तिला हे येतं. बावीस मिलिमीटर. आणि हा तर पहिला जोड! पहिल्या जोडाला बावीस? मग कुठे तिनं वर बघितलं आणि पाठमोऱ्या बाई ओळखल्या, आणि त्यांच्या हातातली काठीही बघितली. दोन महिन्यांपूर्वी जोड न्यायला आल्या तेव्हा काठी नव्हती. गाड्या सुटल्या, हॉर्न वाजायला लागले, एक स्कूटरवाला अगदी जवळून जाताना ओरडला, "आजी, घरी बसा की!" बाईंनी नुसता हात वर केला, गडबड करणाऱ्या वर्गाला गप्प करावं तसा, आणि उरलेला रस्ता त्या एकेक पाऊल मोजून ओलांडायला लागल्या. पलीकडे पोचल्यावर त्या वळल्या आणि मागे बघायला लागल्या. ती धावली नाही, हाक मारली नाही. ती एक पाऊल डावीकडे सरकली आणि बसथांब्याच्या जाहिरातीच्या पाटीमागे उभी राहिली. फोनमध्ये साहेब विचारत होते, "ताई, ऐकताय ना?" ती म्हणाली, "ऐकतेय, बोला."

आता, पाटीमागे लपणं हे काही मोठं पाप नव्हे. माणूस उधारी मागणाऱ्यापासून लपतो, बोलघेवड्या शेजाऱ्यापासून लपतो. पण ती पन्नाशी उलटलेली बाई, चौदा माणसांची मालकीण, गावभर जिचं नाव की हिच्या हातचा बूट घातला की लंगडा माणूस सरळ चालतो, ती एका म्हाताऱ्या मास्तरणीला बघून पाटीमागे उभी राहिली, आणि तिला स्वतःचीच अशी काही शिसारी आली की बाई कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या तरी तिथून तिचा पाय हलेना. पाटीवर कुठल्याशा गादीची जाहिरात होती. त्यात एक बाई झोपेत हसत होती. ही तिच्या खांद्यामागे उभी राहून मनातल्या मनात हिशेब जुळवत होती, की कदाचित बावीस नसतील, कदाचित उन्हामुळे तळ जाड दिसला असेल, कदाचित हा दुसरा जोड असेल आणि पहिला मी विसरले असेन. पण डोळे खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत होतं ते बाकी सगळं.

तिच्या धंद्यात एक गोष्ट होती, ती फक्त तिलाच माहीत होती. निदान तिची तशी समजूत होती. ज्या माणसाचा एक पाय आखूड असतो, त्याच्या त्या बुटाच्या तळाखाली जादा उंची घालतात. त्या उंचीला कारखान्यात चढ म्हणायचे. पाय बावीस मिलिमीटर आखूड असेल तर बावीसचा चढ द्यावा, असं कुणालाही वाटेल. हातात पट्टी असलेल्या कुठल्याही शहाण्याला वाटेल. पण माणसाचं अंग असं पट्टीनं चालत नाही. चाळीस वर्षं ज्यानं वाकडं चालून आपली पाठ, कंबर, मान त्या वाकडेपणाला बसवून घेतली, त्याला एकदम सरळ केलं तर तो सरळ होत नाही, तो मोडतो. म्हणून पहिला जोड अर्ध्याच उंचीचा. मग तीन महिन्यांनी थोडं वाढवायचं, मग आणखी थोडं, आणि तेसुद्धा माणसाला दोनदा चालवून, मागून बघून. माप घेताना ती पायाखाली लाकडी फळ्या सरकवायची, दोन्ही हात माणसाच्या कमरेवर ठेवायची, फरक मोजायची, आणि मग कार्डावर त्याच्या निम्मा आकडा लिहायची. डॉक्टरची चिठ्ठी कार्डाला टाचलेली असायची, पण ती कोण वाचतं? कारखान्यात कार्डावरचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द. हे निम्मं का, हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, आणि विचारलं असतं तर सांगितलं असतं का कोण जाणे.

सांगायचं तर वडिलांपासून सांगावं लागलं असतं. वडील वीजखात्यात होते, घरोघर जाऊन मीटर वाचायचे. एका जिन्यावरून पडले, मांडी मोडली, हाड जुळलं पण पाय आखूड झाला. ती तेव्हा एका चपलांच्या दुकानात कातडं कापायला होती. वडिलांसाठी तिनं रात्रंदिवस खपून पहिला बूट केला. पूर्ण उंचीचा, अगदी केसाचाही फरक नाही असा. वडिलांनी तो घातला, खोलीभर चालून दाखवला, "वा! पोरीनं मला परत जवान केलं" म्हणाले. ती सुट्टीला घरी यायची तेव्हा ते तोच बूट घालून दारात उभे असायचे. दोन वर्षांनी आईनं सहज बोलता बोलता सांगितलं की अगं, तू आलीस की तेवढेच दोन दिवस घालतात. मग आठवडाभर पाठीला शेक द्यावा लागतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोलायचं नाही, असं बजावलंय त्यांनी मला.  त्या सुट्टीहून ती परत आली, आणि पुढच्या वर्षी दुकान काढलं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकापासून चढ अर्धा. लोक म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. गुण कसला! वडिलांची पाठ होती ती. आणि पोटच्या पोरीनं बापाची पाठ मोडली हे काय कामगारांना सांगायचं असतं?

कारखान्याच्या दारात पाय ठेवला आणि नेहमीचं सुरू झालं. ताई, गोंद संपत आलाय, तोच मागवू का? ताई, त्या डॉक्टरांचा माणूस येऊन गेला. ताई, शिलाईचं मशीन परत कुरकुरतंय. ताई, ते तपकिरी कातडं वापरू की थांबू? दार ते टेबल ही पंधरा पावलं चालायला तिला रोज वीस मिनिटं लागायची. एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं कातड्याचा तुकडा चाचपून बघायचा, तिसरा हात देवानं दिला नाही म्हणून नाइलाज. जेवण उभ्यानं. घरी नवरा म्हणायचा, "तुझा डबा रोज सहलीला जातो आणि जसाच्या तसा घरी येतो." तिनं कपाळाला आठ्या घालून सांगायचं, अरे, माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही, मी काय करू? असं सांगताना ती दमलेली असायची हे खरं, खोटं नाही. पण त्या दमण्याच्या तळाशी एक गोड काहीतरी असायचं, आणि आज पहिल्यांदा तिला त्या गोडाची चव नीट कळली आणि ती कडू लागली. पान हलत नाही, कारण पानाला हलू कुणी दिलंय? तिघांचे चौदा जण झाले, एका खोलीच्या तीन झाल्या, महिन्याला वीस जोड होते ते दोनशे झाले, पण माप एकच माणूस घेणार, कार्ड एकच माणूस लिहिणार, आणि तयार जोडावर शेवटचा हात एकच माणूस फिरवणार. धंदा वाढला तो तिच्या दोन हातांच्या आत वाढला. हात तेवढेच राहिले.

कार्डांचा खण उघडायला तिला दुपार झाली. भूगोलाच्या बाई. वय एकाहत्तर. डावा. आणि पुढे तिच्याच अक्षरात, घाईच्या, पुढे झुकलेल्या अक्षरात, बावीस. कार्डाला टाचलेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरातही बावीस. तारीख बघितली आणि तो सगळा दिवस आठवला. दवाखान्यातलं शिबिर. एका दिवसात चाळीस मापं. कोण म्हणालं चाळीस घ्या म्हणून? तीच म्हणाली. साहेबांनी पंचवीस सांगितली होती. तिनं छाती पुढे काढून चाळीस सांगितली, कारण मोठी ऑर्डर हवी होती आणि मोठी ऑर्डर मिळवायची तर मोठं दिसायला हवं होतं. कार्डं तिनं परतीच्या टॅक्सीत मांडीवर ठेवून लिहिली. आत्ता फरकच लिहून ठेवू, सकाळी टेबलावर बसून निम्मे करू. सकाळी एकोणचाळीस निम्मी केली. मध्ये फोन वाजला असणार. कुणाचा होता तो फोन, तिला आठवेना. एवढं मात्र आठवलं की बाई जोड न्यायला आल्या तेव्हाही ती फोनवरच होती. एरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला ती बोळात दोनदा चालायला लावते आणि मागे उभी राहून बघते. त्या दिवशी तिनं फोनवर हात ठेवला, आणि सगळ्यांना सांगते तेच वाक्य बाईंनाही सांगितलं, "पहिले काही दिवस दुखेल हं बाई. दुखलं तरी काढू नका. सवय होईल." आणि ती आत गेली. तेच वाक्य! अकराच्या चढाला ते वाक्य औषध होतं. बावीसच्या चढाला तेच वाक्य विष झालं. दुखलं तरी काढू नका म्हणे. शाळेत जन्मभर नियम पाळायला शिकवत आलेली बाई ती, काढेल कशाला?

आणि मग तळवाले काका आठवले. काका तिच्याकडे अठरा वर्षं तळ बसवायला. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे, तरी ताईच म्हणायचे तिला. बोलणं असं की दिवसातून दहा शब्द, त्यातले चार गोंदाबद्दल. ते त्या दिवशी तो डावा बूट हातात घेऊन तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. "ताई, हे जरा बघता का?" ती पत्र लिहीत होती, हिशेबनीस समोर उभा, कुरिअरवाला दारात. तिनं मान वरही न करता म्हटलं होतं, "काका, कार्डावर आहे तसं करा ना! प्रत्येक गोष्ट मलाच विचारायची का? मी एकटी कुठे कुठे बघू?" काका थोडा वेळ उभे राहिले. मग गेले. तिला तेव्हा बरंही वाटलं होतं, कारण आदल्याच आठवड्यात नवऱ्यानं सुनावलं होतं की तू माणसांना स्वतःच्या डोक्यानं काम करायला शिकव, नाहीतर एक दिवस आडवी पडशील. शिकवलं की. असं शिकवलं!

माणूस वाईट का वागतो याची कारणं शोधत बसलं तर सापडतात, हवी तेवढी सापडतात. तिच्या पुढ्यात चारचे साहेब होते, चौदा घरं होती, नाव होतं. पहिल्या जोडातच चूक झाली असं दवाखान्यात कळलं तर सही राहिली बाजूला, आहे ते कामही जाईल. तिनं इकडे तिकडे बघितलं. मशीन चालू होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. कानामागची पेन्सिल तिच्या हातात कधी आली ते तिलाही कळलं नाही. बावीसच्या पुढे, बारीक अक्षरात, तिनं लिहिलं, अर्धी. एवढंच. आता कुणीही कार्ड बघितलं तर म्हणेल, मालकिणीनं बरोबर लिहिलं होतं, तळ बसवणाऱ्यानं नीट वाचलं नाही. लिहून झाल्यावर तिनं पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली आणि क्षणभर तिला चक्क हलकं वाटलं. या हलकं वाटण्याची लाज तिला पुढे मरेपर्यंत पुरणार होती, पण ती नंतरची गोष्ट. त्या क्षणी तिच्या खांद्यावरून सावली पडली आणि तिनं मान वळवली तर काका उभे होते, हातात गोंदाचा रिकामा डबा.

काकांनी कार्ड बघितलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा बघितलं. त्यांनी काही आवाज चढवला नाही, तो त्यांना चढवता यायचाही नाही. ते इतकंच म्हणाले, "ताई, हे आत्ताचं आहे."

तिनं हात कार्डावरून मागे घेतला. नाही म्हणावं तर बोटाला पेन्सिलीचा काळा डाग होता.

"मी तेव्हा कार्ड तीनदा वाचलं होतं," काका म्हणाले. "अर्धी नव्हतं लिहिलेलं. असतं तर मी कशाला आलो असतो विचारायला?"

"काय विचारायला?" ती कशीबशी म्हणाली.

"की पहिला जोड आणि पूर्ण चढ कसा? चिठ्ठीवर बावीस, कार्डावर पण बावीस. असं कधी झालं नव्हतं आपल्याकडे. चिठ्ठीच्या निम्मं असतं कार्डावर, पहिल्या जोडाला. दुसऱ्याला पाऊण. दुसऱ्याला कधी तुम्ही पायाचा घोटा बघून त्याहून थोडं कमीही करता." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "अठरा वर्षं तळ बसवतोय, ताई. एवढं कळणार नाही होय मला? इथं सगळ्यांना माहीत आहे. त्या शिवणाऱ्या पोरींनासुद्धा माहीत आहे. तुम्ही बोलत नाही म्हणून आम्ही बोलत नाही."

सगळ्यांना माहीत आहे. तिनं जे एकोणीस वर्षं उराशी धरून ठेवलं, ज्याच्यापायी प्रत्येक माप स्वतः घेतलं, जेवण उभ्यानं केलं, आजारपणात ताप घेऊन आली, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मांडवात उशिरा पोचली, ते शिवणाऱ्या पोरींनासुद्धा माहीत होतं. तिला हसू आलं की रडू, ते तिलाच समजलं नाही.  काका पुढे म्हणाले, "माझं पण चुकलंच. पुन्हा यायला पाहिजे होतं. पण तुम्ही म्हणालात, कार्डावर आहे तसं करा. मला राग आला. म्हटलं, करतो तसंच. दोन महिने झाले, रोज रात्री त्या बाई डोळ्यांपुढे येतात, आणि रोज सकाळी मी म्हणतो की ताईंनी काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल." अठरा वर्षांत ते एका दमात एवढे शब्द कधी बोलले नसतील. तिनं रबर घेतलं, अर्धी हा शब्द पुसला, नीट, कागद फाटेपर्यंत, आणि म्हणाली, "काका, फळ्या घ्या. बाईंच्या घरी जाऊन येऊ." काकांनी घड्याळाकडे बघितलं. साडेतीन वाजून गेले होते. "आणि चारचे साहेब?" ती पिशवीत कार्ड टाकत म्हणाली, "येऊ देत. बसतील."

बाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. जिन्याला सत्तावीस पायऱ्या. तिनं त्या मोजल्या. न मोजता चढणं तिला जमेना, कारण प्रत्येक पायरीला तिला दिसत होतं की बावीसचा चढ घेऊन ही पायरी चढताना कमरेत काय होत असेल. दार उघडायला वेळ लागला. आतून काठीचा आवाज आला, मग पावलांचा, एक जड, एक हलकं. बाई घरातही ते बूट घालून होत्या. त्यांनी दोघांना बघितलं आणि चेहरा असा उजळला की तिला खाली बघावं लागलं. "अगंबाई, तुम्ही! या, या. आणि हे कोण? तळ बसवणारे? मग तर बसाच." खोली लहान आणि टापटीप होती. भिंतीवर एक जुना नकाशा, खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीवर तीन उशा एकावर एक. त्या उशा कशासाठी आहेत हे तिला विचारावं लागलं नाही. ती बोलायला लागणार, तेवढ्यात बाईच बोलल्या, आणि ज्या सुरात बोलल्या तो सूर तिला टोचायला पुरला असता जन्मभर.

"तुम्ही आलात ते बरं झालं, माझ्याच्यानं सांगवत नव्हतं. माझंच काहीतरी चुकतंय बघा. तुम्ही म्हणाला होतात काही दिवस दुखेल, सवय होईल. दोन महिने झाले, मला काही सवय होईना. एकही दिवस काढले नाहीत हो, शप्पथ. झोपताना तेवढे काढते. माझी बहीण म्हणाली दुकानात जाऊन सांग, मी म्हटलं, एवढ्या मेहनतीनं केलेल्या बुटांना नावं कशी ठेवायची? वयच झालंय माझं, अंग ऐकत नाही, त्यात त्यांचा काय दोष?" बाई जरा थांबल्या, मग थोडं लाजल्यासारख्या हसल्या. "मी तुमच्या दुकानावरून मुद्दाम जायचे, तुमच्या काचेसमोरून. म्हटलं, तुमची नजर पडली तर तुम्हालाच कळेल, मला तक्रार करावी लागणार नाही. पण तुम्ही कामात असायचात."

तिच्या पिशवीतला फोन वाजला. पहिल्यांदा ती दचकली, मग तो वाजू दिला, तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. "घ्या ना," बाई म्हणाल्या, "कामाचा असेल. माझं काय, मी इथंच आहे." बाईंच्या तोंडावर सांगायचं ते वाक्य सकाळपासून तिच्या जिभेवर येऊन परत जात होतं, आत्ताही आलं आणि परत गेलं. तिनं फोन घेतला. साहेब कारखान्यात येऊन बसले होते आणि तापले होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, आज सही नाही होणार. नाही, पैशांचं काही नाही. माझ्याकडे माप घ्यायला एकच माणूस आहे, आणि तो माणूस चुकतो. एका बाईंचा चढ दुप्पट झालाय. दोन महिने त्या दुखणं काढतायत. दुसरी माणसं तयार होईपर्यंत मी एकही जोड वाढवणार नाही." पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं झालं, त्यात दुसऱ्या कुणा कारखानदाराचं नाव आलं. "द्या त्यांना," ती म्हणाली. "नाही, खरंच द्या." तिनं फोन पिशवीत टाकला. चौदा घरं डोळ्यांपुढून गेली, त्यांतल्या दोन पोरींना तिनं पुढच्या महिन्यात पगारवाढ कबूल केली होती, तेही आठवलं. कुणी टाळ्या वाजवाव्यात असं काही तिनं केलेलं नव्हतं.

बाई तिच्याकडे बघत होत्या. शिकवण्याची सवय असलेल्या माणसाच्या नजरेनं, शांत. "ती बाई म्हणजे मी?"

"हो."

"आणि तो माणूस?" त्यांची नजर काकांकडे गेली, आणि त्या घाईनं म्हणाल्या, "त्यांना रागावू नका हं. होतं असं."

"तो माणूस मी," ती म्हणाली. आणि मग सगळंच सांगितलं. टॅक्सी, चाळीस कार्डं, पेन्सिल. पेन्सिलीपाशी काका खोकले, म्हणजे ते राहू दे, असं. पण तिनं तेही सांगितलं. "सकाळी तुम्ही रस्त्यात होतात तेव्हा मी पाटीमागे लपले होते," तेही सांगितलं. बाईंनी काठी खुर्चीला टेकवली. क्षमा केली म्हणाल्या नाहीत, असू दे म्हणाल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून डाव्या बुटाचा पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, कमरेत कळ आली तशा थांबल्या, आणि इतकंच म्हणाल्या, "माझी फिरायची सवय मोडली हो. रोज नदीपर्यंत जात होते मी." आता त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, त्यात राग होता, आणि तो राग ऐकून तिला जरा श्वास घेता आला. ती खाली बसली, पट्टा सोडवला, बूट काढला. टाचेला घट्टा पडला होता, करंगळीची कड सोलवटली होती. बापाच्या पायातला तो बूट असा काढायची संधी तिला मिळाली नव्हती.

फळ्या तिनं पिशवीतून काढल्या आणि सवयीनं स्वतःच मांडायला लागली. मग थांबली. फळ्या काकांकडे सरकवल्या आणि बाजूला झाली. काकांनी तिच्याकडे बघितलं, हात पँटला पुसले, आणि बाईंना म्हणाले, "खुर्चीला धरून उभ्या राहा. घाई नाही." त्यांचे जाड, गोंदाने काळवंडलेले हात बाईंच्या कमरेवर गेले तेव्हा ते तिच्यासारखेच गेले, तसाच अंगठा हाडावर, तशीच बोटं पुढे. कुठून बघितलं असेल त्यांनी? तिला मदतीला धावायची इतकी ऊर्मी आली की तिनं हात मागे बांधून घेतले. काकांनी एक फळी सरकवली, थांबले, बाईंना खिडकीपर्यंत चालायला लावलं, मागून बघितलं, परत बोलावलं, फळी बदलली. पुन्हा चालवलं. घड्याळाचा काटा किती सरकला हे तिनं बघितलं नाही. शेवटी काका उठले, गुडघे झटकले, खिशातून पेन काढलं आणि कार्ड हातात घेऊन तिच्याकडे वळले.

"ताई, किती लिहू?"

अकरा, तिच्या ओठांवर तयारच होतं. बावीसच्या निम्मे अकरा, एकोणीस वर्षांत कधी न चुकलेला हिशेब. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "तुम्ही सांगा," ती म्हणाली.

काकांनी पुन्हा एकदा बाईंच्या पाठीकडे बघितलं. "सात," ते म्हणाले. "अकरा नको. निम्मं असतं ते नुसतं वाकडं चालणाऱ्याला. यांनी दोन महिने चुकीचं सोसलंय, पाठ धरलीय. आत्ता अकरा दिले तर यांना परत दुखेल, आणि या परत गप्प बसतील."

ती अकराच म्हणाली असती. आणि बाई परत गप्प बसल्या असत्या.

"सात लिहा," ती म्हणाली, आणि बाईंना धरून खुर्चीपर्यंत नेलं.